उत्तर: नवी आवृत्ती एवढी महाग का?

भंगारात शंभराला मिळणारी जॅझ बासरीची तबकडी (जुनी एलपी रेकॉर्ड) नव्या आवृत्तीत तीन हजारांना का, हा प्रश्न रास्त आहे. पण मूळ साचा बनवायचा खर्च ३०० प्रती काढा की ३०००, जवळपास तेवढाच. वर हक्कांचे पैसे. जॅझ बासरीला गिऱ्हाईकच मोजकं, मग बोजा प्रत्येक प्रतीवर. आमच्या भुसावळला येईतो कस्टम नि कुरियर वेगळंच!

मामांच्या माळ्यावर मला रविशंकरांची १९६२ची ‘इम्प्रोव्हायझेशन्स’ सापडली. तिच्यात अमेरिकी जॅझवादक बड शँकची बासरी आहे, हे कव्हर उलटून पाहिलं तेव्हा कळलं. पत्र्याखालच्या मे महिन्यांनी तबकडी पार पापड झालेली. सुई दर फेऱ्याला उडी मारते. बासरी मात्र मधूनमधून स्वच्छ येते. नवी प्रत घ्यावी म्हणतो, केळीचे पैसे आले की.