चर्चा: पाहुण्यांना भाड्याने दिलेल्या छोट्या घराला आगीचे नियम किती कडक हवेत?

उंबरठा (धागाकर्ता)

दोन-तीन खोल्यांचं घर, वर एखादा मजला, आणि दर आठवड्याला नवे पाहुणे. अशा घराला हॉटेलचे नियम लावायचे की राहत्या घराचे, यावर मतं टोकाची आहेत. माझं मत: हॉटेलइतकं सगळं नको, पण राहत्या घरापेक्षा जास्त हवंच. घरच्या माणसाला धुरात, अर्धवट झोपेतही दार सापडतं. कडी कुठल्या बाजूला सरकते हे त्याच्या हाताला ठाऊक असतं. पाहुण्याच्या हाताला ते ठाऊक नसतं.

म्हणून चार गोष्टी सक्तीच्या असाव्यात. प्रत्येक झोपायच्या खोलीत, बैठकीत आणि पॅसेजमध्ये एकमेकांना जोडलेले स्मोक अलार्म, स्वयंपाकघरात हीट अलार्म, म्हणजे धुराऐवजी उष्णतेवर वाजणारा. बाहेरचं दार आतून किल्लीशिवाय उघडणारं. जिन्याकडे उघडणारी दारं अर्धा तास आग अडवणारी. आणि आगीच्या धोक्याच्या पाहणीची लेखी नोंद.

इंग्लंडमध्ये 2023 साली लहान पाहुणेघरांसाठी वेगळी मार्गदर्शिका आली: तळमजला किंवा तळ अधिक एक मजला, झोपणारे जास्तीत जास्त 10, वरच्या मजल्यावर चारपेक्षा जास्त झोपायच्या खोल्या नाहीत. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरपासून तिथे धोक्याची पाहणी पूर्ण लिहून ठेवणं लहानांनाही बंधनकारक झालं. मला ही वाट बरोबर वाटते.

मीटरपेटी

पहिल्या दोन मुद्द्यांना पूर्ण पाठिंबा, तिसऱ्याला ठाम विरोध.

अर्धा तास टिकणारं दार म्हणजे नुसती जाड फळी नव्हे. साधारण 44 मिमी जाडी, तीन बिजागऱ्या, चौकटीत तापल्यावर फुगणारी पट्टी, थंड धूर अडवणारा ब्रश, स्वतःहून मिटवणारा क्लोजर, आणि कडेची फट 3 मिमीच्या आसपास. जुनी चौकट वाकडी असते, मग सुतार दाराची कड रंधून बसवतो आणि फट 6-7 मिमी होते. धूर तिथूनच जातो. एवढं करूनही पाहुणे सामान आत-बाहेर करताना दाराला बॅग लावून ठेवतात आणि ती रात्रभर तशीच राहते. या कामाचा खर्च बघून माणूस एक तर घर देणंच बंद करतो किंवा नोंद न करता देतो. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा, कारण तिथे मग कोणीच बघायला जात नाही.

त्यापेक्षा वायरिंग बघा. आगीचं मूळ बऱ्याचदा सॉकेटमागच्या सैल स्क्रूत असतं. हीटर किंवा केटल लावली की तो सांधा तापतो, प्लास्टिक तपकिरी पडतं, मग ठिसूळ होतं. इथे 30 मिलिअँपचा आरसीसीबी (वीजगळती झाली की पडणारा स्विच) काही करत नाही, कारण प्रवाह जमिनीकडे गळतच नाही. एमसीबी (जास्त प्रवाहाला पडणारा स्विच) पण पडत नाही, कारण प्रवाह मर्यादेतच असतो. मेन बंद करून, वीज नाही याची टेस्टरने खात्री करून, इलेक्ट्रिशियनने वर्षातून एकदा जड उपकरणांचं प्रत्येक सॉकेट उघडून स्क्रू आवळावा. पाहुणेघरात प्लग घरच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा आत-बाहेर होतात, त्यामुळे सॉकेटची पकडही लवकर सैल होते.

शिट्टी

अलार्मबद्दल थोडं सविस्तर, कारण "लावले" आणि "उपयोगी पडतील असे लावले" यात मोठा फरक आहे.

चांगला अलार्म 3 मीटरवर 85 डेसिबल देतो. मधे एक बंद दार आलं की आवाज बराच पडतो. झोपलेल्याच्या उशीपाशी निदान 75 डेसिबल हवेत. पॅसेजमधला एकटा अलार्म बंद खोलीत तेवढे देत नाही. म्हणून एक वाजला की सगळे वाजतील अशी जोडणी हवी. तारा ओढायच्या नसतील तर रेडिओने जोडले जाणारे आणि 10 वर्षांची सीलबंद बॅटरी असलेले चालतात. बॅटरी काढता येणारे घेऊच नका. रिमोटचा सेल संपला की पाहुणा आधी छताकडे बघतो.

जागा: छताच्या मध्याजवळ, भिंतीपासून आणि दिव्यापासून निदान 30 सेंमी दूर. न्हाणीघराच्या दारासमोर नको, वाफेने वाजतो. स्वयंपाकघरात स्मोक अलार्म लावला तर फोडणीला वाजतो, दोन दिवसांत त्यावर प्लास्टिकची पिशवी चढते आणि ती पुढच्या पाहुण्यांच्या वेळीही तशीच असते. तिथे साधारण 58 अंशांना वाजणारा हीट अलार्मच हवा.

चाचणीचं बटण फक्त भोंगा आणि सर्किट तपासतं, धूर आत शिरतो की नाही हे नाही. आतल्या कप्प्यात कोळी जाळं करतो, मुंग्या शिरतात. सहा महिन्यांतून एकदा व्हॅक्यूमच्या मऊ ब्रशने कडेच्या जाळीवरून फिरवा आणि अलार्मच्या मागच्या बाजूला छापलेली तारीख वाचा. 10 वर्षं झाली असतील तर वाजत असला तरी बदला.

जोडणी तपासताना एकाने स्वयंपाकघरात बटण दाबायचं, दुसऱ्याने लांबच्या खोलीत दार लावून पलंगावर आडवं व्हायचं. तिथे ऐकू आलं तरच जोडणी झाली म्हणायची.

गज आणि जाळी

उंबरठा यांनी कुलपाचा मुद्दा एका ओळीत उरकला, तोच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित आहे. चोरीच्या भीतीने बाहेरच्या दाराला दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारं सिलिंडर (कुलपाचा किल्ली घालायचा गाभा) बसवतात. रात्री पाहुणा आतून कुलूप लावतो, किल्ली पँटच्या खिशात, पँट बॅगेत.

आतून नॉब असलेलं सिलिंडर बदलायला पंधरा मिनिटं लागतात. दार उघडं ठेवून कडेवरचा एकच लांब स्क्रू काढा, किल्ली घालून किंचित तिरकी करा, सिलिंडर सरळ बाहेर येतं. नवं आणताना स्क्रूच्या छिद्रापासून आतली आणि बाहेरची लांबी वेगवेगळी मोजा, दोन्ही सारख्या असतीलच असं नाही. बाहेरचा भाग दारापुढे 3 मिमीपेक्षा जास्त आला तर तो पकडीने मोडता येतो, म्हणजे चोरीची भीती खरी ठरते.

मीटरपेटी, आता तुम्हाला प्रश्न. वरच्या खोलीच्या खिडकीला पक्के गज असतील तर जिना हाच एकमेव रस्ता. मग जिन्याचं दार टाळून कसं चालेल? खिडकीतून उतरायचं तर उघडी जागा निदान 0.33 चौरस मीटर, रुंदी आणि उंची दोन्ही निदान 450 मिमी, आणि खालची कड जमिनीपासून 1100 मिमीच्या आत हवी. 450 बाय 750 मिमी म्हणजे जेमतेम पुरे. बहुतेक जुन्या खिडक्यांचं एक पान उघडलं तर एवढं मिळत नाही.

मीटरपेटी

मान्य. गज पक्के असतील तर माझं म्हणणं टिकत नाही. पण तिथेही मी आधी गजांचा एक भाग बिजागरीवर घेऊन आतून खटक्याने उघडणारा करायला सांगेन, दार नंतर. आणि फक्त तळमजल्याच्या घरात, जिथे प्रत्येक खोलीतून खिडकीवाटे थेट जमिनीवर उतरता येतं, तिथे विशेष दाराची सक्ती नकोच. घट्ट बसणारं भरीव लाकडी दार पुरे, पोकळ फ्लश दार मात्र नको.

गाळा

अग्निशामक सिलिंडरबद्दल कोणी बोललं नाही, त्यावर माझा विरोध नोंदवतो. दाराशी लाल सिलिंडर टांगला की मालकाला काम झाल्यासारखं वाटतं. कोरड्या पावडरचा सिलिंडर बंद खोलीत फवारला की काही सेकंदांत समोरचं दिसत नाही आणि श्वास कोंडतो. शिकवण न घेतलेल्या पाहुण्याला आपण आगीजवळ थांबायला सांगतोय. फोमच्या गाद्यांचा सोफा पेटला तर पाच मिनिटांच्या आत सगळी खोली एकदम पेटू शकते.

कढईतल्या तेलासाठी अग्निरोधक चादर ठेवा, पण शेगडीच्या वर नव्हे, स्वयंपाकघरातून बाहेर पडायच्या वाटेवर. शेजारी मोठ्या अक्षरांत: "पेटलेल्या तेलावर पाणी नको. गॅस बंद. चादर टाकून तशीच राहू द्या." लवकर उचलली तर तेल पुन्हा पेट घेतं.

आणि इलेक्ट्रिक स्कूटर किंवा सायकलची बॅटरी पॅसेजमध्ये चार्ज करायला पूर्ण बंदी हवी. लिथियमची बॅटरी बिघडली तर आग बाहेर पडायच्या वाटेवरच लागते. पॅसेजमध्ये सॉकेटच ठेवू नका, म्हणजे बोर्डावर सूचना लिहायची गरज पडत नाही.

उंबरठा

गाळा यांचा सॉकेटचा मुद्दा माझ्या यादीत घेतो. दाराचीही दुरुस्ती करतो: फक्त तळमजल्याच्या घराला भरीव दार पुरे. पण वर मजला असेल आणि खालचं स्वयंपाकघर जिन्यात उघडत असेल, तर निदान त्या एका दाराबाबत मी मागे हटणार नाही. तिथे बॅग लावून दार उघडं ठेवायची भीती असेल तर दार उघडं धरून ठेवणारा आणि अलार्म वाजला की सोडणारा चुंबक बसवा. मीटरपेटी, यात वायरिंगच्या बाजूने काय अडचण येते ते सांगा. वीज गेल्यावर चुंबकाने दार सोडलंच पाहिजे, आणि बॅटरीवर चालणारे काही चुंबक सेल उतरत आल्यावर सोडतात की नाही हे आधी तपासायला हवं.