नदीचं मॉडेल मोजमापाशी जुळतंय, पण त्यावरून प्रस्ताव निवडावा का?

प्रश्न — काठावरचा

सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं पाणी मिसळल्यानंतर नदीतला विरघळलेला ऑक्सिजन ५ मिग्रॅ/लिटरच्या खाली जातो. तो वर आणायला दोन प्रस्ताव आहेत, खर्च जवळपास सारखा. प्रस्ताव क: केंद्रातून सुटणाऱ्या पाण्याचा बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) ३० वरून १० मिग्रॅ/लिटरवर आणणे. प्रस्ताव ख: अमोनिया-नायट्रोजन १५ वरून २ वर आणणे. कोणता घ्यावा हे मॉडेलवरून सांगायचं आहे.

कमी प्रवाहाच्या काळातले आकडे असे. नदीत २ घनमीटर/सेकंद, केंद्रातून ०.५. नदीच्या वरच्या अंगाला बीओडी २, ऑक्सिजन ७, अमोनिया ०.२. केंद्राच्या पाण्यात ऑक्सिजन २. पाण्याचं तापमान २८ अंश से., सरासरी खोली १.२ मीटर, वेग ०.२ मीटर/सेकंद.

स्प्रेडशीटमध्ये स्ट्रीटर-फेल्प्स (बीओडीमुळे नदीतला ऑक्सिजन कसा घटतो-वाढतो ते काढणारं मॉडेल) मांडलं आहे, रिएरेशनसाठी (हवेतून पाण्यात ऑक्सिजन परत मिसळण्यासाठी) ओ'कॉनर-डॉबिन्सचं सूत्र. बीओडीचा क्षयदर (तो खपण्याचा वेग) ०.९५ प्रतिदिन घेतला की जुळणी बरी होते. २, १० आणि ३० किमीवर मोजलेला ऑक्सिजन ५.५, ४.४ आणि ४.५, मॉडेल देतं ५.३, ४.२ आणि ५.६. ३० किमीचा फरक मध्ये मिळणाऱ्या एखाद्या नाल्यामुळे असावा असं धरून तो बिंदू जुळणीतून वगळला. १० किमीवर मोजलेला बीओडी ६.२ आहे. अमोनिया तिन्ही ठिकाणी ३.१, २.७, १.९ आणि नायट्रेट-नायट्रोजन १.०, १.४, २.२.

या मॉडेलनुसार प्रस्ताव क घेतला तर किमान ऑक्सिजन ५.७ होतो, म्हणजे काम झालं. अमोनिया मॉडेलमध्ये नसल्याने ख बद्दल ते काहीच बोलत नाही. समितीला एक आकडा हवा आहे. ५.७ द्यावा का?

प्रतिसाद १ — तळगाळ

देऊ नका. तुमचं मॉडेल जुळतंय ते चुकीच्या कारणाने, आणि त्याचा पुरावा तुम्हीच लिहिला आहे.

आधी क्षयदर बघा. बाटलीतल्या चाचणीत २० अंशांना साधारण ०.२३ प्रतिदिन हा रुळलेला आकडा. तापमानाची दुरुस्ती १.०४७ चा आठवा घात, म्हणजे १.४४, २८ अंशांना झाले ०.३३. तुम्ही घेतलेला ०.९५ त्याच्या जवळजवळ तिप्पट. उथळ, खडकाळ, शेवाळलेल्या पात्रात क्षयदर वाढतो हे खरं, पण १.२ मीटर खोलीच्या संथ पाण्यात तिप्पट वाढ पटत नाही.

आता तुमचाच बीओडी. मिसळल्यावर तो (२×२ + ०.५×३०) ÷ २.५ = ७.६ होतो. १० किमी म्हणजे ०.५८ दिवसांचा प्रवास. दर ०.९५ असता तर तिथे ४.४ उरायला हवा होता. मोजलाय ६.२, आणि ०.३३ च्या दराने येतो ६.३. म्हणजे बीओडी हळूच खपतोय, ऑक्सिजन मात्र भराभर जातोय. तो खाणारा दुसरा कुणीतरी आहे.

तो अमोनिया. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. मिसळल्यानंतर अमोनिया ३.१६, म्हणजे १४.४ मिग्रॅ/लिटर ऑक्सिजनची मागणी. कार्बनी मागणी ७.६×१.४६ = ११.१ (पाच दिवसांच्या बीओडीवरून अंतिम बीओडी काढायचा हा १.४६ गुणक ०.२३ या दराचाच आहे, दर बदलला की तोही बदलतो). म्हणजे मोठी मागणी मॉडेलच्या बाहेरच राहिली आणि कॅलिब्रेशनने (मोजमापाशी आकडे जुळवण्याने) तिचं ओझं बीओडीच्या क्षयदरावर टाकलं.

३० किमीपर्यंत अमोनिया ३.१६ वरून १.९ वर आला, प्रवास १.७४ दिवसांचा, दर निघतो ०.३ प्रतिदिन. अमोनिया २ ते ३० किमीमध्ये १.२ ने घटला आणि नायट्रेट तेवढंच वाढलं, म्हणून हे नायट्रिफिकेशनच (जिवाणूंनी अमोनियाचं नायट्रेट करणं). नायट्रेट वाढलं नसतं तर शेवाळाने अमोनिया उचलला असं म्हणावं लागलं असतं.

हे दोन दर घालून गणित पुन्हा केलं तर २, १० आणि ३० किमीवर ५.५, ४.४, ४.५ येतात. तुमचा वगळलेला बिंदूही जागेवर बसतो, नाल्याची गरज उरत नाही. किमान ऑक्सिजन ४.२ येतो, पण साधारण १७ किमीवर, जिथे तुमचं मोजमापच नाही.

आता प्रस्ताव. क घेतला तर किमान ५.०, ख घेतला तर ५.६. तुमच्या मॉडेलने क ला ५.७ दिले होते. मोजलेल्या ऑक्सिजनशी जुळवून घेतलेलं मॉडेल सद्यस्थिती बरी दाखवतं. प्रस्तावात जी गोष्ट बदलणार तीच त्यात नसेल तर निर्णयाच्या वेळी ते फसवतं.

प्रतिसाद २ — रेषा_आणि_रेती

तळगाळ यांच्याशी सहमत, पण ५.६ हाही आकडा समितीपुढे ठेवू नका. सगळा डोलारा रिएरेशनच्या सूत्रावर उभा आहे.

तुमच्या खोली-वेगाला २० अंशांवर ओ'कॉनर-डॉबिन्स १.३४ प्रतिदिन देतं, ओवेन्स-गिब्स १.२९, चर्चिल ०.७४. तिन्ही सूत्रं फक्त खोली आणि वेग मागतात आणि तरी जवळपास दुपटीचा फरक. कारण प्रत्येक सूत्र वेगळ्या प्रकारच्या पात्रांवरून बांधलं आहे. चर्चिलचं वेगवान प्रवाहाचं, सुमारे अर्धा मीटर/सेकंदाच्या पुढचं. ओवेन्स-गिब्स उथळ ओढ्यांचं, खोली पाऊण मीटरच्या आत. तुमची नदी ओ'कॉनर-डॉबिन्सच्या पट्ट्यात बसते, तेव्हा निवड बरोबर. तरी तो अंदाजच आहे, बंधारे आणि डोह असतील तर आणखी ढिला.

चर्चिलचा दर वाईटातली वाईट स्थिती म्हणून घालून बघितला (२८ अंशांना ०.९०, तापमानाचा गुणक इथे १.०२४):

सद्यस्थिती: ४.२ ऐवजी २.३
प्रस्ताव क: ५.० ऐवजी ३.५
प्रस्ताव ख: ५.६ ऐवजी ४.६
दोन्ही एकत्र: ६.० ऐवजी ५.७

यातून दोन वेगळ्या गोष्टी निघतात आणि त्या वेगळ्याच सांगाव्यात. क पेक्षा ख चांगला, हा क्रम दोन्ही टोकांना टिकतो. तो ठामपणे सांगा. ख ने ५ ची पातळी गाठली जाईल का, हे रिएरेशन कळल्याशिवाय सांगता येत नाही. तसंच लिहून द्या. दोन्ही एकत्र केल्यास मात्र कुठल्याही सूत्राने ५ च्या वर राहतो.

प्रतिसाद ३ — शंभरवेळा

एवढं हाताने कशाला? सगळ्या गुणांकांना पल्ला द्या, मोंटे कार्लोने (दर वेळी पल्ल्यातले कुठलेही आकडे उचलून) दहा हजार वेळा चालवा, ५ च्या खाली जायची शक्यता टक्क्यात येते. समितीला टक्केवारी लगेच कळते.

प्रतिसाद ४ — रेषा_आणि_रेती

@शंभरवेळा, टक्केवारी कळते, पण ती कशाची हे कुणी विचारत नाही. क्षयदर आणि रिएरेशन या नदीत सुटे सुटे बदलत नाहीत. क्षयदर वाढवून रिएरेशनही वाढवलं तर ऑक्सिजनची रेघ जवळपास तीच राहते. दोघांना स्वतंत्र पल्ले दिले की मोजमापाशी मुळीच न जुळणाऱ्या जोड्याही त्या दहा हजारांत शिरतात आणि टक्केवारी फुगते. मोंटे कार्लो करायचंच तर प्रत्येक फेरीचा निकाल तिन्ही ठिकाणच्या ऑक्सिजनशी, शिवाय बीओडी आणि अमोनियाशी ताडा. जुळणाऱ्या फेऱ्याच ठेवा आणि फक्त त्यांवर प्रस्ताव चालवा. बेव्हन आणि बिन्ली यांनी १९९२ मध्ये मांडलेली ग्लू पद्धत ढोबळमानाने हीच. जुळणी किती ढिली चालेल ही मर्यादा मात्र चालवण्याआधी लिहून ठेवा, निकाल बघून नाही.

आणि तीन बिंदूंवर नॅश-सटक्लिफ गुणांक (मॉडेल मोजमापाशी किती जुळतं त्याचा आकडा) काढून अहवालात छापू नका. तो प्रवाहाच्या लांब मालिकांसाठी आहे.

काठावरचा (मूळ प्रश्नकर्ता)

सगळ्यांचे आभार. बीओडी अॅलिलथायोयुरिया घालून केला होता, म्हणजे बाटलीत नायट्रिफिकेशन नव्हतं. नमुने सकाळी १० ते १२ मध्ये घेतले. २ घनमीटर हा त्या आठवड्यातला प्रवाह आहे, दीर्घकालीन नोंदींमधला नाही. क्वाल-टू-के (नदीच्या पाण्याच्या गुणवत्तेचं मोठं मॉडेल) वर जावं का? आणि केंद्राचं पाणी नदीत सुटण्याची जागाच ८ किमी खाली नेली तर, असाही एक प्रस्ताव मागून आला आहे.

प्रतिसाद ५ — तळगाळ

जागा खाली नेणं: मधल्या ८ किमीत मोठी उपनदी मिळत नसेल तर ऑक्सिजनचा खड्डा तेवढाच राहतो, फक्त ८ किमी पुढे सरकतो. पुढे कुणाचं पाणी उचलण्याचं ठिकाण असेल तर उलट वाईट.

नमुन्यांची वेळ जास्त चिंतेची. शेवाळ असेल तर सकाळी दहापर्यंत प्रकाशसंश्लेषण सुरू झालेलं असतं आणि दिवसातला नीचांक पहाटेच होऊन गेलेला असतो. तुमचे ४.४ कदाचित त्या ठिकाणचा बरा भाग दाखवत असतील. क्वाल-टू-के घ्यायचं खरं कारण हेच असू शकतं: प्रवाह स्थिर धरूनही ते दिवस-रात्रीचा चढउतार, शेवाळ, नायट्रिफिकेशन आणि तळाच्या गाळाची मागणी वेगवेगळी धरतं. पण दिवस-रात्रीचं मोजमाप नसताना त्यात शिरलात तर आणखी पंधरा-वीस गुणांक अंदाजाने भरावे लागतील. आधी मोजा, मग मॉडेल वाढवा. चोवीस तासांचा चढउतार अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत असेल तर स्प्रेडशीट पुरे.

प्रवाहाबद्दल: निर्णय सहसा दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या, सात दिवसांच्या सरासरी नीचांकी प्रवाहावर घेतात. तो २ पेक्षा बराच कमी असू शकतो. तो घालताना मिश्रणाच्या गणितात प्रवाह बदलून खोली आणि वेग तसेच ठेवण्याची चूक सर्रास दिसते. प्रवाह घटला की वेग आणि खोली दोन्ही घटतात, प्रवासाचा काळ वाढतो, रिएरेशन बदलतं. निदान तीन वेगवेगळ्या प्रवाहांना काटछेद मोजून वेग आणि खोलीचे घातांक (प्रवाहाबरोबर ते किती बदलतात ते सांगणारे) काढा. लिओपोल्ड आणि मॅडॉक यांचे सरासरी घातांक वेगासाठी ०.३४ आणि खोलीसाठी ०.४० आहेत, पण ते फक्त पहिल्या अंदाजाला.

प्रतिसाद ६ — टाकीवाला

नदीचं तुम्ही बघताय, केंद्राच्या बाजूने एक गोष्ट. बीओडी ३० ठेवून अमोनिया २ करणं हा प्रस्ताव कागदावरच राहतो. नायट्रिफिकेशन करणारे जिवाणू हळू वाढतात. त्यांना टिकवायला गाळाचं वय (जिवाणूंचा गाळ टाकीत राहण्याचा काळ) वाढवावं लागतं आणि टाकीत ऑक्सिजन २ मिग्रॅ/लिटरच्या आसपास ठेवावा लागतो. ते साधलं की बीओडी आपोआप १०-१५ वर येतो. म्हणजे ख चा खरा निकाल वरच्या यादीतल्या 'दोन्ही एकत्र' च्या जवळ जाईल. उलट क मध्ये नुसता गाळणी-थर बसवून बीओडी उतरवला तर अमोनिया जसाच्या तसा बाहेर येतो.

क्षारता (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) तपासा. १ ग्रॅम नायट्रोजनमागे ७.१४ ग्रॅम क्षारता (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) खर्च होते. १३ मिग्रॅ उतरवायचे तर ९३ मिग्रॅ/लिटर. आत येणाऱ्या पाण्यात एवढी आणि वर ५०-१०० शिल्लक राहील इतकी नसेल तर सामू घसरतो आणि नायट्रिफिकेशन अर्ध्यावर थांबतं. चुना किंवा सोडा घालावा लागेल, आणि 'खर्च सारखाच' हे गृहीतक तिथे मोडेल. ऑक्सिजन जास्त लागणार म्हणून ब्लोअरची वीजही वेगळी धरा.

प्रतिसाद ७ — रेषा_आणि_रेती

टाकीवाला यांच्या मुद्द्याने प्रस्तावांची यादीच बदलते, त्यामुळे नव्या प्रस्तावांवर गणित पुन्हा करा. तोवर प्रत्यक्ष मोजमाप या क्रमाने घ्या.

२, १०, १७ आणि ३० किमीवर ऑक्सिजनचे लॉगर, दर १५ मिनिटांना एक नोंद, निदान तीन सलग दिवस. लावण्यापूर्वी आणि काढल्यावर पाण्याने संपृक्त हवेत तपासा. दोन्ही वाचनांत फरक आला तर सेन्सरच्या काचेवर थर चढला आहे, मधल्या नोंदी सरळ रेषेने दुरुस्त करा. लॉगर काठाच्या साचलेल्या पाण्यात नको, वाहत्या धारेत हवा. केंद्राच्या लगेच खाली तर मुळीच नको, तिथे दोन्ही पाणी अजून मिसळलेलं नसतं. २ किमीवर तरी मिसळलंय का हे आडव्या छेदात तीन ठिकाणी विद्युतवाहकता मोजून बघा.

प्रवासाचा काळ रोडामाइन डब्ल्यूटी रंगाने मोजा. सरासरी वेगावरून काढलेला काळ डोहांच्या नदीत हमखास कमी येतो.

रात्रीच्या नोंदींवरून रिएरेशन निघतं: सूर्यास्तानंतर ऑक्सिजन बदलण्याचा वेग उभ्या अक्षावर, संपृक्ततेपासूनची तूट आडव्या अक्षावर, रेषेचा उतार म्हणजे रिएरेशनचा दर. २८ अंशांना संपृक्तता ७.८३ धरा, पण तापमान रात्रभर घटत असतं, तेव्हा प्रत्येक नोंदीला तिची स्वतःची संपृक्तता. चढउतार फारच लहान असेल तर ही पद्धत गोंधळ देते, तिथे वायूचा ट्रेसर (पाण्यात सोडून माग काढायचा वायू) लागेल. आपल्याला २८ अंशांचे ओ'कॉनर-डॉबिन्सचा १.६ आणि चर्चिलचा ०.९ यातलं एक ओळखायचं आहे, त्यामुळे २० टक्के चूक झाली तरी चालेल.