‘ए’ रकान्यातला शिक्का बघा

आंतरराष्ट्रीय वाहन परवान्याची पुस्तिका काढली की परदेशात राहताना बाइक चालवायला मोकळे, असं म्हणतात. ते अर्धंच खरं. ती पुस्तिका म्हणजे मूळ परवान्याचं भाषांतर; मूळ परवाना सोबत नसेल तर ती नुसती बाळगून उपयोग नाही. आणि तिच्यातल्या वाहनप्रकारांच्या रकान्यांपैकी शिक्का फक्त ‘बी’मध्ये असेल तर कारच चालवा, दुचाकीला ‘ए’ लागतो. पुस्तिका रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार काढलेली असेल तर वर्षभरच चालते. कायमचं बस्तान बसवलंत की बहुतेक देशांत स्थानिक परवाना लागतोच.

खरी गोची विम्यात. हप्ता भरताना बरेचदा परवाना कुणी नीट बघत नाही (मीही नाही बघितला!), दावा केला की पहिला तोच मागतात. भाड्याच्या स्कूटरवरून पडलात तर प्रवास विम्यातही बहुधा वैध परवान्याचं कलम आडवं येतं.