३७ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाची मोलॅरिटी १०.१५ की १२?

प्रश्न

नमस्कार. मी रसायनशास्त्राचा अभ्यास नुकताच सुरू केला असून द्रावणाच्या संहतीवरील एका उदाहरणात दोन दिवस अडकलो आहे. संहत हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाटलीवर ‘३७ टक्के, घनता १.१८ ग्रॅम प्रति मिलिलीटर’ असे लिहिले आहे; त्या आम्लाची मोलॅरिटी (एक लीटर द्रावणात विरघळलेल्या पदार्थाचे किती मोल आहेत ती संख्या; एकक ‘मोलर’) काढायची आहे आणि त्यापासून १ मोलर आम्लाचे ५०० मिलिलीटर द्रावण कसे तयार करावे हे सांगायचे आहे.

मी असा विचार केला की ३७ टक्के म्हणजे १०० मिलिलीटरमध्ये ३७ ग्रॅम, म्हणून एका लीटरमध्ये ३७० ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड असले पाहिजे. त्याचे मोलर वस्तुमान (एका मोलचे वस्तुमान) ३६.४६ ग्रॅम असल्यामुळे ३७० ÷ ३६.४६ = १०.१५ मोलर असे उत्तर आले. उत्तरसूचीत मात्र १२ मोलर दिले आहे. याच रीतीने मी ०.९ टक्के सलाइनचे उदाहरण सोडवले होते (एका लीटरमध्ये ९ ग्रॅम मीठ, ९ ÷ ५८.४४ = ०.१५४ मोलर) आणि ते बरोबर आले होते. मग तीच रीत येथे का चुकते आणि घनतेचा उपयोग नेमका कोठे करायचा? याच आम्लाची मोलॅलिटीही विचारली आहे, परंतु ती मोलॅरिटीपेक्षा इतकी वेगळी का येते हेही मला उमगलेले नाही.

पहिले उत्तर

तुमचा भागाकार बरोबर आहे. चूक त्याच्या आधीच्या वाक्यात, म्हणजे टक्क्यांचा अर्थ लावण्यात झाली आहे. टक्के या चिन्हावरून फक्त ‘शंभरात किती’ एवढेच कळते. शंभर कशाचे, हे ते चिन्ह सांगत नाही. सलाइनच्या बाबतीत ते शंभर मिलिलीटर द्रावण असते, म्हणून तेथे तुमची रीत लागू पडली. संहत आम्लांच्या बाटल्यांवरील टक्केवारी मात्र वस्तुमानाची असते, म्हणजे १०० ग्रॅम द्रावणात ३७ ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड आणि ६३ ग्रॅम पाणी. बाटलीवर टक्केवारीच्या शेजारीच घनता छापलेली असते, कारण तिच्याशिवाय या टक्केवारीवरून मोलॅरिटीपर्यंत जाताच येत नाही.

आता एक लीटर आम्ल डोळ्यांसमोर आणा. त्याचे वस्तुमान १००० × १.१८, म्हणजे ११८० ग्रॅम आहे. त्यातील ३७ टक्के, म्हणजे ४३६.६ ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड आहे. ४३६.६ ÷ ३६.४६ = ११.९७, म्हणून आम्ल जवळजवळ १२ मोलर आहे. तुम्ही एका लीटरचे वस्तुमान नकळत १००० ग्रॅम धरले होते, आणि म्हणूनच ११.९७ ला १०.१५ ने भागल्यास बरोबर १.१८ मिळतात. तुमची चूक घनतेच्याच पटीत होती. उत्तर चुकल्यावर बरोबर उत्तराशी असलेले त्याचे गुणोत्तर काढून पाहण्याची सवय मला फार मोलाची वाटते, कारण कोणती राशी विसरली गेली हे पुष्कळदा त्यावरूनच समजते.

मोलॅलिटी काढताना भाजक बदलतो. मोलॅरिटीत आपण एक लीटर द्रावणाचा विचार करतो, तर मोलॅलिटीत एक किलोग्रॅम द्रावकाचा, म्हणजे येथे केवळ पाण्याचा. १०० ग्रॅम आम्लात ३७ ÷ ३६.४६ = १.०१५ मोल हायड्रोजन क्लोराइड आणि ०.०६३ किलोग्रॅम पाणी आहे, म्हणून मोलॅलिटी १६.१ येते. या गणितात घनता कोठेही लागली नाही, कारण आकारमानाचा प्रश्नच आला नाही. विरल जलीय द्रावणात एका लीटरमध्ये जवळजवळ एक किलोग्रॅम पाणी असल्यामुळे मोलॅरिटी आणि मोलॅलिटी जवळजवळ सारख्याच दिसतात. येथे मात्र एका लीटर द्रावणात पाणी केवळ ७४३ ग्रॅम आहे, म्हणून हा फरक इतका मोठा आहे.

द्रावण तयार करण्यासाठी ०.५ लीटर × १ मोलर = ०.५ मोल आम्ल लागेल, आणि ०.५ ÷ ११.९७ = ०.०४१८ लीटर, म्हणजे ४१.८ मिलिलीटर संहत आम्ल घेऊन त्यात ४५८.२ मिलिलीटर पाणी मिसळावे लागेल.

दुसरे उत्तर

वरील विवेचन अतिशय स्पष्ट आहे, परंतु त्याचे शेवटचे वाक्य दोन कारणांसाठी दुरुस्त करणे आवश्यक आहे.

पहिले कारण सुरक्षिततेचे आहे. संहत आम्लात पाणी ओतू नये. आम्ल हळूहळू पाण्यात ओतावे आणि सतत ढवळत राहावे. विरलीकरणात उष्णता बाहेर पडते, आणि पाणी पुष्कळ असेल तर ती त्यात सामावली जाते. हायड्रोजन क्लोराइडचा वायू बाहेर येत असल्यामुळे हे काम फ्यूम हूडमध्ये (वायू बाहेर खेचून घेणाऱ्या कपाटात), चष्मा आणि हातमोजे घालूनच केले पाहिजे.

दुसरे कारण गणिताशीच निगडित आहे. मोलॅरिटीच्या व्याख्येत द्रावणाचे अंतिम आकारमान असते, त्यात ओतलेल्या पाण्याचे नव्हे, आणि दोन द्रवांची आकारमाने मिसळल्यावर त्यांची साधी बेरीज होईलच असे नाही. ५० मिलिलीटर इथेनॉल आणि ५० मिलिलीटर पाणी एकत्र केले, तर १०० ऐवजी सुमारे ९६ ते ९७ मिलिलीटर मिश्रण मिळते. आपल्या आम्लात हा फरक बराच लहान असला, तरी रीत चुकीचीच राहते. म्हणून चंचुपात्रात सुमारे ३०० मिलिलीटर ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे, त्यात ४१.८ मिलिलीटर आम्ल सावकाश मिसळावे, द्रावण सामान्य तापमानाला आल्यावर ते ५०० मिलिलीटरच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये घालावे, चंचुपात्र थोड्या पाण्याने विसळून ते पाणीही फ्लास्कमध्येच ओतावे आणि अखेरीस खुणेपर्यंत पाणी भरावे. किती पाणी लागले हे मोजण्याची गरजच पडत नाही.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. माझ्या जुन्या उत्तराप्रमाणे मी ०.५ ÷ १०.१५, म्हणजे ४९.३ मिलिलीटर आम्ल घेतले असते आणि द्रावण १.१८ मोलर झाले असते, हे आता मी स्वतः पडताळून पाहिले. आणखी एक शंका विचारतो. मोरचुदाचे ०.१ मोलर द्रावण २५० मिलिलीटर करण्यासाठी मी कॉपर सल्फेटचे मोलर वस्तुमान १५९.६ धरून ३.९९ ग्रॅम निळे स्फटिक वजन करून घेतले. येथेही अशीच काही चूक होत आहे का?

तिसरे उत्तर

होय, आणि या चुकीचे मूळही तसेच आहे: तुम्ही तराजूवर जो पदार्थ ठेवला आणि ज्याचे मोलर वस्तुमान धरले, ते दोन वेगळे आहेत. १५९.६ हे निर्जल, पांढऱ्या कॉपर सल्फेटचे मोलर वस्तुमान आहे, तर निळ्या स्फटिकात प्रत्येक सूत्र-एककामागे पाण्याचे पाच रेणू असतात आणि त्याचे मोलर वस्तुमान २४९.७ आहे. तुम्हाला ०.०२५ मोल हवे असल्यामुळे ६.२४ ग्रॅम स्फटिक घ्यावे लागतील, ३.९९ ग्रॅम घेतल्यास द्रावण केवळ ०.०६४ मोलर होईल.

हे स्फटिकजल द्रावणात गेल्यावर पाण्यातच मिसळते. मोलर द्रावण करताना त्याची वेगळी काळजी घ्यावी लागत नाही, कारण खुणेपर्यंत भरताना तेवढे पाणी आपोआप कमी लागते. मोलल द्रावण करताना मात्र ते हिशेबात धरावे लागते: ०.१ मोल स्फटिकांबरोबर ०.५ मोल, म्हणजे ९ ग्रॅम पाणी येते, म्हणून ०.१ मोलल द्रावणासाठी १००० ऐवजी ९९१ ग्रॅम पाणी घ्यायचे असते.

आम्लाविषयीही एक गोष्ट सांगावीशी वाटते. हायड्रोजन क्लोराइड बाटलीतून वायुरूपाने निसटत असल्यामुळे बाटलीवरील ३७ हा आकडा अचूक मानता येत नाही, आणि केवळ आकडेमोड करून तयार केलेले द्रावण ‘सुमारे १ मोलर’ एवढेच म्हणता येते. नेमकी संहती अनुमापनाने, म्हणजे संहती माहीत असलेल्या द्रावणाशी अभिक्रिया करून लागणारे आकारमान मोजून, ठरवावी. त्यासाठी तापवून कोरडे केलेले निर्जल सोडियम कार्बोनेट १.३२५ ग्रॅम घेऊन त्याचे २५० मिलिलीटर द्रावण करावे. त्याचे मोलर वस्तुमान १०५.९९ असल्यामुळे ते ०.०५ मोलर होईल. तुमचे आम्ल पिपेटने २५ मिलिलीटर घेऊन, २५० मिलिलीटरच्या फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत पाणी भरून दहापट विरल करावे आणि ब्युरेटमध्ये घ्यावे. शंकुपात्रातील २५ मिलिलीटर कार्बोनेटमध्ये ०.००१२५ मोल असतात आणि एका मोल कार्बोनेटला दोन मोल आम्ल लागते, म्हणून ०.००२५ मोल आम्ल खर्च होईल. त्यात दर्शक म्हणून घातलेल्या मिथिल ऑरेंजचा पिवळा रंग नारिंगी होईपर्यंत समजा २५.५ मिलिलीटर आम्ल लागले, तर विरल आम्ल ०.००२५ ÷ ०.०२५५ = ०.०९८० मोलर आणि मूळ द्रावण ०.९८० मोलर ठरते. बाटलीच्या चिठ्ठीवर १ मोलर न लिहिता हाच आकडा लिहावा.