अनुभव धागा : विद्यापीठात नवं निधी खातं उघडताना

राज्य विद्यापीठाच्या लेखा विभागात माझं टेबल आहे. त्या टेबलावर सगळ्यात जास्त येणारा अर्ज एका वाक्याचा असतो : 'वरील विषयास अनुसरून नवीन खाते उघडण्यास परवानगी मिळावी ही विनंती.' पैसा कोणाचा, कशासाठी, कधीपर्यंत खर्चायचा, उरला तर कोणाचा, यातलं एक अक्षर नसतं. मग आम्ही शेरा मारतो, फाइल परत जाते, आणि 'अकाउंट्सवाले अडवतात' अशी ख्याती पसरते.

प्रकल्प, सुवर्णपदकाची देणगी, परिषद, माजी विद्यार्थ्यांचा निधी, कंपनीचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा निधी), राष्ट्रीय सेवा योजना, सगळ्यांना 'खातं' हवं असतं. खरं तर बहुतेकांना बँकेतलं खातं लागतच नाही. विद्यापीठाच्या पुस्तकात वेगळं लेखाशीर्ष उघडलं की भागतं : पैसा मुख्य खात्यात येतो, हिशोब स्वतंत्र राहतो. बँकेत वेगळं खातं उघडायचं ते पैसे देणाऱ्याने तशी अट घातली असेल तर. ही अट मंजुरीपत्रात असते, आणि मंजुरीपत्र अर्जाला जोडलेलं नसतं!

ज्यांनी अर्ज केला, फाइल फिरवली, सही केली किंवा सही नाकारली, त्या सगळ्यांनी लिहा. विद्यापीठाचं आणि बँकेचं नाव नको. कागद कोणते लागले ते मात्र नीट सांगा.

सपुष्प :

वनस्पतिशास्त्र शिकवतो. केंद्राच्या निधीवरचे दोन प्रकल्प केले, एक जुन्या पद्धतीचा, एक नव्या. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

जुन्या पद्धतीत वर्षाचा हप्ता एकदम यायचा. विद्यापीठाने प्रकल्पाच्या नावाने बचत खातं उघडलं, सह्या कुलसचिव आणि वित्त व लेखा अधिकारी यांच्या. खर्चाचं बिल मी करायचं, चेक त्यांनी काढायचा. खात्यावर व्याज जमायचं आणि ते आपलंच असा विभागात सर्वांचा समज होता. सामान्य वित्तीय नियम 2017 मधला नियम 230 सांगतो की अनुदानावरचं व्याज भारताच्या संचित निधीत परत भरायचं. हे भारतकोश या सरकारी भरणा पोर्टलवरून होतं. व्याज भरल्याची पावती नसेल तर उपयोगिता प्रमाणपत्रावर (पैसा ठरल्या कामावरच खर्चल्याच्या दाखल्यावर) लगेच प्रश्न येतो आणि पुढचा हप्ता थांबतो.

अर्थ मंत्रालयाने 9 मार्च 2022 ला केंद्रीय योजनांसाठी नवी पद्धत आणली. आता पैसा वर मध्यवर्ती खात्यातच राहतो. आपल्याकडे असतं ते शून्य शिलकीचं उपखातं, म्हणजे झेडबीएसए. त्यात रक्कम नसते, खर्चाची मर्यादा असते. पेमेंट टाकलं की तेवढेच पैसे वरून उतरतात आणि थेट विक्रेत्याकडे जातात. व्याजाचा प्रश्नच मिटला.

पण प्रकल्पातल्या सहायक मुलीची फेलोशिप दर महिन्याला द्यायची असते आणि मर्यादा कधी येईल ते आपल्या हातात नसतं. आमची मार्चअखेर न वापरलेली मर्यादा परत गेली आणि नवी यायला पावसाळा उजाडला. तोवर त्या मुलीने घरभाडं कसं भरलं ते तिलाच ठाऊक. हिशोबाच्या दृष्टीने पद्धत उत्तम आहे हे मान्य. प्रयोगशाळेला वित्तीय वर्ष कळत नाही, रोपं मार्चमध्ये वाढायची थांबत नाहीत.

खातं उघडताना आमची सगळी रखडपट्टी नावामुळे झाली. बँकेने विद्यापीठाचं नाव छोटं करून टाकलं, पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी निधीचा हिशोब ठेवणाऱ्या केंद्राच्या पोर्टलवर, ते पूर्ण होतं. दोन्ही जुळेनात, पडताळणी 'पेंडिंग'. बँक म्हणे पोर्टलवर बदला, पोर्टलवाले म्हणत बँकेकडून पत्र आणा.

जमाखर्च :

सपुष्प सर, नावाचा घोळ आमच्याकडेही नेहमीचा. म्हणून मी आता बँकेला पत्र देतानाच पीएफएमएसवर नाव कसं नोंदवलंय त्याची छापील प्रत जोडते आणि अक्षर न् अक्षर तसंच टाका म्हणून लिहिते.

नवीन लोकांसाठी बाकीचं सांगते. मंजुरीपत्र, खातं उघडण्याचा ठराव किंवा सक्षम अधिकाऱ्याची मंजूर टिपणी, विद्यापीठाचा पॅन (प्राध्यापकाचा नव्हे, हो, असंही येतं), सह्या करणाऱ्यांची केवायसी आणि सह्यांचे नमुने. पीएफएमएसवर दोन माणसं लागतात : एक नोंद करणारा, म्हणजे डीओ, आणि एक मंजूर करणारा, म्हणजे डीए. दोघांचे लॉगिन वेगळे, दोघांचे मोबाइल वेगळे. एकाच माणसाने दोन्ही फोन खिशात घेऊन फिरणं हा प्रकार मी पाहिलाय आणि लेखापरीक्षकांनीही पाहिलाय. डिजिटल सही वापरत असाल तर तिची मुदत कधी संपते ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. ती नेमकी 28-29 मार्चला संपते.

अधिकारी बदलला की सह्या बदलायचा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा. प्रभारी अधिकारी असेल तर बँक आदेशाची प्रत मागते, आणि 'प्रभारी'ला आर्थिक अधिकार आहेत का असा प्रश्न विचारते. तो प्रश्न रास्त आहे.

पिंपळपान :

मी दुसऱ्या बाजूची, म्हणजे देणगी देणारी. आजी जुन्या काळची शिक्षिका. ती गेल्यावर आम्ही भावंडांनी तिच्या नावाने मराठीत पहिल्या येणाऱ्या विद्यार्थिनीला बक्षीस ठेवायचं ठरवलं. वाटलं, चेक दिला की झालं.

आधी विद्यापीठाने देणगीची नियमावली दिली. किमान रक्कम ठरलेली होती, ती मुदत ठेवीत राहणार, बक्षीस फक्त व्याजातून. मग अटींचा मसुदा मागितला. काकांनी लिहिलं : 'आमच्या तालुक्यातील, मराठी माध्यमातून शिकलेली, ग्रंथालयाचा नियमित वापर करणारी, प्रथम क्रमांकाची विद्यार्थिनी.' विद्यापीठाच्या कक्षातल्या बाईंनी शांतपणे विचारलं, अशी मुलगी एखाद्या वर्षी नसेल तर? ग्रंथालयाचा वापर कोण मोजणार? काका चिडले. मला मात्र त्या बाईंचं पटलं. शेवटी 'एम.ए. मराठीत सर्वाधिक गुण मिळवणारी विद्यार्थिनी. समान गुण असल्यास रक्कम विभागून. एखाद्या वर्षी बक्षीस देता न आल्यास व्याज मूळ रकमेत मिळवावे' एवढंच राहिलं. मग प्रस्ताव व्यवस्थापन परिषदेपुढे गेला, मंजूर झाला, आणि त्यानंतर कुठे चेक स्वीकारला.

देणगीवरची प्राप्तिकर सवलत (1961 च्या कायद्यातलं कलम 80जी) हवी असेल तर चेक किंवा ऑनलाइनच द्या, 2000 रुपयांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही. नुसत्या पावतीवर थांबू नका, देणगीचं प्रमाणपत्र (आमच्या वेळी फॉर्म 10बीई) मागून घ्या. नवी करप्रणाली निवडलेल्यांना ही सवलत मुळातच नाही. आमच्या भावाला हे कळल्यावर त्याचा उत्साह थोडा उतरला होता.

निवृत्त कक्षाधिकारी :

पिंपळपान ताई, त्या बाईंना माझा नमस्कार सांगा. मी वर्षानुवर्षं पदकांचं रजिस्टर सांभाळलं. त्यातल्या अटी वाचल्या असत्या तर काकांचा राग तेव्हाच निवळला असता. 'अमुक पोटजातीतील, तमुक गावचा, निर्व्यसनी' अशी पदकं मी निवृत्त होईपर्यंत कपाटात पडून होती. निर्व्यसनीपणाचा दाखला कोण देणार?

दुसरं दुखणं व्याजाचं. नव्वदीच्या दशकात मुदत ठेवीला 12 टक्के मिळायचे. 10,000 रुपये ठेवले की वर्षाला 1200, त्यात बरं पदक व्हायचं. साडेसहा टक्क्यांनी तेच 650 होतात आणि सोन्याचा भाव कुठे गेलाय ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून 'सुवर्णपदक' म्हणजे सोन्याचा मुलामा. आमच्याकडे बऱ्याच देणगीदारांच्या वारसांना पत्रं गेली : रक्कम वाढवा, नाहीतर पदकाऐवजी प्रमाणपत्र देऊ. काहींनी वाढवली, काही पत्रं 'पत्त्यावर राहत नाहीत' म्हणून परत आली. नवं खातं उघडणाऱ्यांनी अटीतच लिहावं की व्याज अपुरं पडलं तर बक्षिसाचं स्वरूप बदलण्याचा अधिकार विद्यापीठाला राहील.

आणि सगळ्या देणग्या जुन्या झाल्या म्हणून मरत नाहीत बरं. मुंबई विद्यापीठातली जगन्नाथ शंकरशेठ संस्कृत शिष्यवृत्ती घ्या. पुढे देशाचे अर्थमंत्री झालेल्या चिंतामणराव देशमुखांनी 1912 च्या मॅट्रिकला ती मिळवली होती, आणि आजही घराघरांत 'आमच्या आजोबांना शंकरशेठ मिळाली होती' असं सांगतात. मुंबईचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी 1864 मध्ये त्याच विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख दिले, मग मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्याला आईचं नाव. राजाबाई टॉवर 1878 मध्ये पुरा झाला. उद्देश मोजका आणि साफ होता, काम उभं राहिलं.

शिबिरवाला :

रासेयो (राष्ट्रीय सेवा योजना) कार्यक्रम अधिकारी, ग्रामीण महाविद्यालय. प्राचार्य आणि मी, संयुक्त सह्या. सात दिवसांचं शिबिर आधी होतं, पैसे नंतर येतात. किराणा, मंडप, भाकऱ्या करणाऱ्या बायका, सगळं उधारीवर. गावातला दुकानदार पक्कं बिल देत नाही आणि लेखापरीक्षक कच्चं घेत नाही. बाकी खातं उघडणं सोपं होतं, सरपंचांपेक्षा बँक मॅनेजर लवकर भेटले.

मिडवेस्टकर :

अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात विभागाचे आर्थिक व्यवहार पाहते. माहेर सोलापूर. इथे नवं बँक खातं हा विषयच नाही. मध्यवर्ती प्रणालीत 'फंड'चा आकडा मिळतो, त्याच्या पुढे विभाग, प्रकल्प, खर्चाचा प्रकार असे आकडे जोडत जायचे. पाठीवर नाव घातलेल्या स्टीलच्या डब्यांची मांडणी असते ना आजीच्या फडताळात, तसं. बँक एक, डबे हजारो.

खरी झटापट एका प्रश्नावर होते : ही देणगी आहे की प्रायोजित प्रकल्प? प्राध्यापक म्हणतात देणगी, कारण प्रायोजित प्रकल्पावर विद्यापीठ अप्रत्यक्ष खर्चाची (जागा, वीज, कार्यालय वगैरेंची) मोठी टक्केवारी कापतं. मी कंपनीचं पत्र मागते. त्यात अहवाल द्या, निष्कर्षांवर आमचा हक्क, उरलेले पैसे परत, असं काही असलं की ती देणगी उरत नाही. यावर चिडलेल्या ईमेलांचा माझ्याकडे स्वतंत्र फोल्डर आहे.

एक सोय मात्र इकडची चांगली. कराराचा कागद यायला उशीर होणार असेल आणि पैसे नक्की येणार असतील, तर विभागाच्या जबाबदारीवर आगाऊ फंड उघडून मिळतो. एनएसएफसारख्या (विज्ञान संशोधनाला पैसे देणारी अमेरिकेची सरकारी संस्था) संस्था प्रकल्प सुरू होण्याआधीच्या 90 दिवसांतला खर्च चालवून घेतात. करार आलाच नाही तर भुर्दंड विभागाला. सपुष्प सरांच्या सहायक मुलीचं वाचून हे आठवलं. कायमनिधीतून (ज्याचं मुद्दल मोडत नाहीत अशा गुंतवलेल्या देणगीतून) इथे वर्षाला साधारण 4 ते 5 टक्केच खर्चायला देतात, वरची वाढ मुद्दलात राहते, म्हणून कक्षाधिकारी काकांनी सांगितलेली पदकाची गत सहसा होत नाही.

विश्वस्त :

आमचं खाजगी संस्थेचं महाविद्यालय. परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांनी डॉलरमध्ये पैसे पाठवायचं ठरवलं. देणारा परदेशी नागरिक झालेला असेल तर तो विदेशी निधी, मग मूळ गाव पंढरपूर का असेना. त्यासाठी एफसीआरए (विदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच खातं. भारतीय पासपोर्टवाल्याने आपल्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने पाठवलं तर ती अडचण नाही. म्हणून आधी प्रत्येकाला पासपोर्ट कुठला ते विचारा. विचारायला अवघड वाटतं, पण विचारा.

संयोजक :

परिषदेच्या नोंदणी शुल्कासाठी विभागप्रमुखांच्या वैयक्तिक खात्याचा क्यूआर कोड पत्रकावर छापायची चाल अजून आहे का तुमच्याकडे? आमच्याकडे लेखापरीक्षणात आक्षेप आल्यावर बंद झाली. आता पत्रक निघायच्या आधी लेखाशीर्ष मागावं लागतं. त्यामुळे पत्रक उशिरा निघतं, पण जेवणाच्या कंत्राटदाराचे पैसे कुठून द्यायचे हा वाद उरलेला नाही.

जमाखर्च :

कंपनीच्या पैशावर संशोधन करणाऱ्यांनी जीएसटीचंही पाहावं. ऑक्टोबर 2024 पासून संशोधन अनुदानाला सूट आहे, त्यात 1961 च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम 35 खाली अधिसूचित विद्यापीठं-महाविद्यालयं येतात. सल्लासेवा मात्र त्यात येत नाही. म्हणून दोन्ही पैसे एकाच शीर्षात घालू नका.

नवा_पीआय :

धाग्यावर एक शंका. मी एका प्रकल्पाचा पीआय, म्हणजे प्रमुख संशोधक. माझी निवड दुसऱ्या विद्यापीठात झालीय, प्रकल्पाची दीड वर्षं बाकी आहेत. खातं बरोबर नेता येतं का?

जमाखर्च :

खातं नाही, प्रकल्प नेता येतो. निधी देणाऱ्या संस्थेची लेखी परवानगी आधी, मग दोन्ही विद्यापीठांची ना-हरकत. इथे आजपर्यंतचं खर्चाचं विवरण आणि उपयोगिता प्रमाणपत्र करून शिल्लक परत जाते, तिथे नवं उपखातं आणि पीएफएमएसवर नवी जोडणी. कामावरून मुक्त व्हायच्या आधी हे सुरू करा, नंतर इथल्या सह्या मिळवणं कठीण जातं. आणि उपकरणं नेणार असाल तर त्यांची यादी जडवस्तू रजिस्टरच्या क्रमांकांसकट पहिल्याच पत्राला जोडा.