जजेसकडं राज्य द्या म्हणणाऱ्यांना

नगरी_माणूस:
काल इथं एकानं लिहिलं की सगळे पुढारी सारखेच, दहा वर्षं देश सुप्रीम कोर्टाच्या जजेसकडं चालवायला द्या. खाली बरेच जण 'अगदी बरोबर' म्हणून गेले, म्हणून लिहितोय. अरे, जजला निवडतं कोण? जजच! जज नेमण्यात सरकारलाही वाटा देणारी ९९वी घटनादुरुस्ती संसदेनं केली, निम्म्याहून जास्त राज्यांनी मंजूर केली, तरी २०१५ ला चार विरुद्ध एकनं रद्द झाली आणि कॉलेजियम, म्हणजे जजनीच जज निवडायची पद्धत, परत आली. आमदार पाच वर्षांनी पाडता येतो, जजला कसं पाडणार? माझ्या मामांचं नाशिक-पुणे हायवेला लागून परमिट रूम होतं. डिसेंबर २०१६ ला निकाल आला, हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारू नाही, १ एप्रिलला शटर खाली. अकरा पोरं घरी बसली. जुलैत कोर्टच म्हणालं नगरपालिका हद्दीत हे लागू नाही. मामांचं गाव ग्रामपंचायतीचं, तिथलं काय ते कोर्टानं राज्यावर सोडलं २०१८ ला, तोवर हप्ते थकून जागा गेली होती. सरकारनं केलं असतं तर मोर्चा काढला असता, कोर्टावर कुठं काढायचा?

पाणवठा:
मोर्च्यानं काय होतं? कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळावरचा सुप्रीम कोर्टाचा विशाखा निकाल १९९७ चा, संसदेनं कायदा केला २०१३ ला. मधली सोळा वर्षं फक्त कोर्टाच्या गाइडलाइन्स. त्याच दाखवून मी २००९ ला ऑफिसात समिती नेमायला लावली, नाहीतर नोकरी सोडावी लागली असती.

घाटमाथा:
नगरी, मामांचं वाईट झालं, पण माझ्या चुलतभावाला पिऊन चालवणाऱ्या ट्रकवाल्यानं हायवेवरच उडवलं, २०१४ ला. कुठल्या आमदारानं हायवेवरचे बार बंद करायची हिंमत केली? लायसन्स फी सोडवत नाही ना!

नगरी_माणूस:
भावाचं वाचून वाईट वाटलं. पण ट्रकवाले पितात धाब्यावर, तिथं लायसन्सच नसतं. ते पोलिसांनी बघायचं, मामांनी का भोगायचं?

घाटमाथा:
धाब्यावर बाटली येते कुठून मग? लायसन्सवाल्याकडूनच!

नगरी_माणूस:
मामांवर जाऊ नका. त्यांनी काउंटरवरून एक बाटली बाहेर दिली नाही कधी.

घाटमाथा:
तुमच्या मामांबद्दल बोललोच नाही. आमच्या घरी अजून फोटोला हार घालतात, मला ५०० मीटर कमीच वाटतात.

तात्या_वाईकर:
दारूवरून उतरा आता. रामशास्त्र्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, पण स्वतः गादीवर बसले नाहीत, म्हणून तर नाव घेतो आपण. आणीबाणीत १९७६ ला, अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येते का या खटल्यात, सुप्रीम कोर्टाचे चार जज सरकारच्या बाजूनं गेले, एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात, पुढं त्यांना डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश केलं. जजच सरकार झाले तर सरकारविरुद्ध दाद कुणाकडं मागायची?

पाणवठा:
तात्या, बरं, राज्य त्यांना नको, इथपर्यंत मान्य. पण मुंबई महापालिकेची मुदत २०२२ ला संपली, तीन वर्षांवर प्रशासक बसला होता. मे २०२५ ला निवडणुका घ्या म्हणून सांगितलं कुणी? कोर्टानंच.

नगरी_माणूस:
आणि ज्यामुळं त्या निवडणुका अडल्या, तो ओबीसी आरक्षणाचा खटला इतकी वर्षं पडून होता कुठं? कोर्टातच की!

पाणवठा:
विशाखाचं उत्तर अजून दिलं नाहीत.

नगरी_माणूस:
विशाखाचं मान्य. ५०० मीटरचं नाही.