शब्दचर्चा: डोळ्यांपुढची चिलटं, काजवे आणि पडदा

प्रश्न: मोकळ्या आभाळाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं की डोळ्यांपुढे दोरे, ठिपके तरंगतात. नीट बघायला जावं तर निसटतात. या 'फ्लोटर्स'ना मराठीत 'प्लवक' म्हणावं का?

उत्तर: नको. प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, तो शब्द अडकलेला आहे. 'डोळ्यांपुढे माश्या दिसतात', 'चिलटं फिरतात' असं लोक म्हणतातच. वैद्यकातलं जुनं लॅटिन नावही 'उडत्या माश्या' अशाच अर्थाचं आहे. मग नवा शब्द कशाला पाडायचा?

भिंगामागची पोकळी जेलीसारख्या पदार्थाने भरलेली असते, त्यात जवळजवळ ९९ टक्के पाणीच. वय वाढतं तशी जेली पातळ होते, तिच्यातले बारीक तंतू गोळा होतात आणि त्यांची सावली दृष्टिपटलावर पडते. नजर फिरवली की जेली हलते, नजर थांबली तरी ती किंचित वाहत राहते, म्हणून चिलट हाती लागत नाही. मोठा मायनस नंबर असेल तर तरुणपणीही दिसतात. कित्येक महिने तेवढीच आणि तशीच असतील तर बहुधा काळजीचं कारण नसतं. हळूहळू त्यांच्याकडे लक्षही जात नाही.

मला अडचणीचा वाटतो तो 'काजवे' हा शब्द. फटका बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात, असं आपण इतकं सहज म्हणतो की कुणाला ते खरंच दिसत असतील तर घरचे हसण्यावारी नेतात. साधारण पन्नाशीनंतर जेली दृष्टिपटलापासून सुटू लागते. सुटताना ती ओढ देते, आणि दृष्टिपटलाला प्रकाशाखेरीज दुसरी भाषाच येत नसल्याने ती ओढ चमक म्हणून दिसते, अंधारात नजरेच्या कडेला जास्त. बहुतेकदा जेली सुखरूप सुटते. कधी मात्र दृष्टिपटल फाटतं. फाटलेलं वेळेत सापडलं तर लेझरने कडा चिकटवता येते, नाहीतर त्या भेगेतून पाणी मागे शिरतं आणि दृष्टिपटल सुटून येतं. मग शस्त्रक्रियाच. म्हणून काजवे नव्याने चमकू लागले किंवा चिलटांचा एकदम थवा आला तर त्याच दिवशी डोळे दाखवावेत. डोळ्याला मार लागल्यावर असं झालं तरीही.

प्रश्न: आणि 'पडदा सरकला' म्हणतात ते हेच?

उत्तर: हेच. बोलीत दृष्टिपटलालाच पडदा म्हणतात. गंमत म्हणजे तो सुटतो तेव्हा माणसालाही एका बाजूने काळा पडदा ओढल्यासारखं दिसतं. डॉक्टरांना सांगताना मात्र 'पडदा' एवढंच सांगून थांबू नये. कोणता डोळा, सावली कोणत्या बाजूने आली, कधीपासून, हे सांगावं. एकेक डोळा झाकून पाहिलं की कळतं. आणि हे दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच लोक थांबतात.

'अंधारी येणे' वेगळं. चटकन उठल्यावर दोन्ही डोळ्यांपुढे क्षणभर येते ती. अर्धशिशीच्या नागमोडी चमकत्या रेघाही सहसा दोन्ही डोळ्यांत दिसतात आणि तासाभरात विरतात. पहिल्यांदाच दिसल्या तर त्याही दाखवाव्यात.

प्रश्न: माझ्या ओळखीत एकाला 'काजळी उतरतेय' असं दिसत होतं. त्यांना मधुमेह आहे.

उत्तर: शब्द अगदी नेमका आहे. मधुमेहात दृष्टिपटलावरच्या नाजूक रक्तवाहिन्या फुटून जेलीत रक्त उतरलं की धूर, काजळी किंवा लालसर जाळं दिसतं. त्यांनाही तातडीनेच जायला सांगा. तपासणीत बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, पुढचे काही तास धूसर दिसतं. गाडी चालवायला दुसरं कुणी बरोबर असू दे.